मिरचीच्या रांगेत मोटरसायकल

विजेची मोटरसायकल घेताना मी रंग बघितला, वेग बघितला. वाटेत चार्जिंग कुठे करायचं, हे मात्र विचारलं नाही. मेव्हणा म्हणालाच होता, "दाजी, जुन्नरला जेवायला याल, पण गाडी टेम्पोत घालून." जुन्नरला जेवायला निघालो आणि वाटेतल्या निरगुडसर गावातच बॅटरी संपत आली. चार्जर सोबत होता, पण त्याची पिन मोठी आणि घरोघरचे प्लग लहान.

शेवटी एका गिरणीत मोठा प्लग सापडला. त्यावर मिरची कांडायचं यंत्र चालू होतं. गिरणीवाल्या बाई चिमटीत तिखट चोळून बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नंबर लावा, पावणं." मिरच्यांच्या पिशव्यांमागे मी हेल्मेट ठेवलं.

माझा नंबर आल्यावर त्यांनी यंत्राची पिन काढून माझी लावली. तिखट बघावं तशा अधूनमधून चार्जरलाही बोटं लावून बघत होत्या. मागून आलेली एकजण कुरकुरली, तर म्हणाल्या, "थांब गं, पावण्यांचं दळण चालूय."

मी ओशाळून उठलो. "राहू द्या, जुन्नरपुरतं झालं असेल."

"बसा खाली! अर्धवट दळण आपल्याकडनं जात नाय."

परक्या गावात कुणी असं दटावून बसवलं, की उशिराचंही काही वाटत नाही. पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती. टोमणा मारायला मेव्हणा लगबगीनं जवळ आला आणि माझ्या शर्टावरच्या तिखटानं शिंकतच सुटला.