चाळणीकाकांची निवड

बियाण्यांच्या दुकानाच्या मालकांना सगळा बाजार चाळणीकाका म्हणत असे. आठवडाभर ते बी चाळत आणि रविवारी जेवणानंतर माणसं. त्यांचं मत पक्कं होतं. धडधाकट, हुशार माणसांनीच वंश वाढवावा. सरकारनं घराणी तपासून लग्नाचे परवाने द्यावेत, बाकीच्यांनी वाचनालयात जावं.

वादाला समोर त्यांचे साडू असत. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारी होते आणि कट्टर समाजवादी. कारखाने, दवाखाने, जमिनी सगळ्यांच्या मालकीच्या व्हाव्यात, असं ते घरातल्या एकुलत्या एका आरामखुर्चीत पाय पसरून सांगत.

"किडका दाणा पेरून पीक येतं का, साडूभाऊ?" काका विचारत.

"माणूस म्हणजे भुईमूग नव्हे. आधी सगळ्यांना सारखं खतपाणी द्या, मग बघू कोण किडका ते."

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. "झालं का राज्य चालवून?" असं विचारत त्या चहा आणत आणि वाद पुढच्या रविवारावर जाई.

मग काकांच्या मुलीनं स्वतःच लग्न ठरवलं. मुलगा वीजजोडणीची कामं करणारा, सरळमार्गी. पण त्याच्या थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. काका नाही म्हणाले.

"मग तुमच्याशिवाय होईल, बाबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे काकांना त्या रात्री झोप लागली नाही. एकुलती एक मुलगी. पण इतकी वर्षं बाजारात बोललेलं गिळायचं कसं?

तडजोड म्हणून रविवारी मुलाला आणि त्याच्या आईला बोलावलं. होणाऱ्या विहीणबाई प्रसूतिगृहात नर्स होत्या. काकांनी पाणी दिलं आणि लगेच विषयाला हात घातला.

"थोरल्याचा दोष पुढच्या पिढीत उतरला तर?"

"उतरेल किंवा नाही उतरणार," बाई म्हणाल्या.

"हा काय प्रश्न झाला?" साडू खुर्चीतून गरजले. "उद्या दात मोजाल!"

काका चिडले. चांगल्या वाणाचं फळ कसं असतं ते दाखवतोच, असं म्हणून तरातरा परसात गेले. एरवी ते टोमॅटो दाबून बघत, मगच तोडत. आज रागाच्या भरात दिसेल ते तोडलं आणि टोपली पाहुण्यांसमोर ठेवली. "बघा. एकूण एक पिकलेला."

निम्मे हिरवेगार होते. काकूंनी कपाळाला हात लावला.

विहीणबाईंनी एक लाल आणि एक हिरवा टोमॅटो शेजारी शेजारी धरला. "तुम्हाला हे रंग दिसत नाहीत?"

"दिसतात," काका म्हणाले. "वेगळे दिसत नाहीत."

"आणखी कोणाला होतं असं?"

"आजोबांना. आईच्या वडिलांना."

"म्हणजे मुलीकडून नातवाकडे. तुमच्या मुलीला काही त्रास नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो." बाईंनी टोमॅटो टोपलीत ठेवले. "माझी काही हरकत नाही. तुमच्या नियमाचं काय ते तुम्ही बघा."

साडू टोपलीत वाकून बघायला आरामखुर्चीतून उठले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "परवाने असते तर मी झालेच नसते."

"तू कुठली? मीच झालो नसतो," काका म्हणाले. त्यांनी टोपली उचलून बाजूला ठेवली. मग मुलाकडे वळून म्हणाले, "जावईबापू, चहात साखर किती?"

मुलगी उठून आत गेली. स्वयंपाकघरातून तिच्या रडण्याचा आणि काकूंच्या हसण्याचा आवाज एकदमच आला.

पाहुणे गेल्यावर साडू म्हणाले, "आलात ना शेवटी आमच्या पक्षात?"

"छे! परवाने हवेतच," काका म्हणाले. "फक्त त्या खात्यात मुलीच्या बापाला नोकरी देऊ नये."