पुन्हाबाईची दुसरी नजर

आमच्या ऑफिसात तिला पुन्हाबाई म्हणतात. कुलूप लावलं की ओढून बघणार, जिना उतरली की परत वर येऊन ओढणार. शेजारच्या टेबलावर बसून मी हे रोज सहन करतो. डोकं उठतं अगदी!

पण ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहितीची ने-आण करणारा प्रोग्राम, लिहावा तर तिनेच. एका हॉस्पिटलला पेशंटांची माहिती भाड्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायची होती, आणि त्या कॉम्प्युटरच्या मालकावर काडीचाही भरवसा नव्हता. मालकाची बाजू आणि आमची बाजू यांच्यामध्ये सामायिक मेमरी, म्हणजे दोघांचाही हात पोचेल असं फडताळ. मालकाने तिथे माल ठेवायचा, किती आहे तो आकडा लिहायचा. आमच्या ड्रायव्हरने आकडा तपासून माल आत घ्यायचा. खोट्या, मोठ्या आकड्याला फसलो तर माल आमच्या जागेबाहेर सांडणार, मालकाला आत शिरायला वाट मिळणार आणि पेशंटांची माहिती त्याच्या हाती लागणार.

संध्याकाळी ड्रायव्हर पाठवायचा होता. साहेब दारात घिरट्या घालत होते. तेवढ्यात पुन्हाबाईने सवयीप्रमाणे घरी दुसऱ्यांदा फोन लावला, तोही स्पीकरवर.

"बाबा, गॅस बंद आहे ना?"

"नाही, चहा ठेवलाय."

"मघाशी तर बंद म्हणालात!"

"मघाशी होताच की! तू विचारलंस म्हणून मी काय तसाच बसून राहू?"

मला हसू फुटलं. तिचा चेहरा मात्र उतरला. फोन ठेवून ती स्क्रीनवर वर-खाली करू लागली. तपासताना तिने आकडा वाचला होता, आणि माल उचलताना खात्रीसाठी फडताळावरून पुन्हा वाचला होता. मधल्या मध्ये मालकाने तो बदलला तर?

"साहेब, थांबवा. चूक माझीच आहे."

साहेबांचा पारा चढला. "अगं, इतक्यांदा तपासलंस ना?"

"पुन्हा बघितलं, तिथेच घात झाला. आकडा एकदाच वाचून आपल्याकडे उतरवून घ्यायचा. तपासायचा तोही उतरवलेला, वापरायचा तोही उतरवलेला. फडताळाकडे परत बघायचंच नाही."

दुरुस्ती लगेच झाली. साहेबांचा जीव भांड्यात पडला. ती मात्र उठेना. आजवर लिहिलेले ड्रायव्हर ती एकामागून एक उघडत गेली. ते कुठे कुठे चालू होते. प्रत्येकात तिने काळजीने पुन्हा बघितलं होतं. मला फार वाईट वाटलं.

फोन वाजला. "गॅस बंद केलाय गं. तुझा पुन्हा फोन आला नाही, म्हणून म्हटलं आपणच सांगावं."

"बरं बाबा," ती म्हणाली. "जेवून घ्या. मी आज येत नाही."