पोटकामाला वेगळं उद्दिष्ट नसतं!

"मोठ्या कामाचं जे उद्दिष्ट, तेच त्याच्या पोटकामाचं. हे विचारायचं न्हाई, फक्त पाळायचं!"

बीडच्या आमच्या ग्रामविकास संस्थेत मी कॉम्प्युटरवर बसायला लागले, त्या पहिल्याच दिवशी नानांनी हा नियम सुनावला. नाना म्हणजे संस्थेचे सेक्रेटरी. पंचवीस माणसं शेतात राबवणारे जमीनदार, तसेच ऑफिसातही बोलायचे. मी नुकतीच बीएस्सी झालेली, त्यामुळे "कावून?", म्हणजे "का?", हा शब्द कायम जिभेच्या टोकावर. अशी दोघं एका खोलीत आली की किस्से जमवावे लागत नाहीत. आपोआप साचतात!

*

कॉम्प्युटर आला तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सोबत कामं नोंदवायचा प्रोग्रामही आला. तो शकीलभाईनं लिहिलेला. शकीलभाई औरंगाबादला कॉम्प्युटर शिकून आलेला, आमच्या गल्लीतलाच.

अध्यक्ष अण्णांचं कापडाचं दुकान. रोज महादेवाला जाऊन यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मॉनिटरच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले आणि उरलेली चिमूट वरून सोडली.

"अण्णा, राख आत गेली तर मशीन मरंल!" शकीलभाई ओरडला.

अण्णा शांतपणे म्हणाले, "मेलं तर सरळ कैलासात जाईल."

हसते मी, पण याच अण्णांनी आमच्या घरी येऊन वडलांना सांगितलं होतं, "पोरगी माझ्या देखत काम करंल. लग्नाचं दोन वर्षं नाव काढू नका." वडलांनी काढलं नाही. अण्णांचे हे उपकार मी कुठल्याही प्रोग्राममध्ये नोंदवू शकत नाही.

*

प्रोग्राम सोपा होता. प्रत्येक कामाला एक उद्दिष्ट द्यायचं: पाणी, शेती, आरोग्य, बांधकाम, मुलींचं शिक्षण. मोठ्या कामाच्या पोटात लहान कामं टाकली की त्यांना त्याचंच उद्दिष्ट आपोआप लागायचं. मग एक बटण दाबलं की एका उद्दिष्टाची कामं वेगळी निघायची. शकीलभाई त्याला फिल्टर म्हणायचा, अण्णा चाळणी.

आता गंमत अशी, की स्क्रीनवरची चाळणी आणि प्रिंटरची चाळणी वेगवेगळी! स्क्रीनवर पोटकामाचं पोटकामही दिसायचं. प्रिंटमध्ये मुलगा यायचा, नातू गळायचा.

दिंद्रुडच्या आरोग्य शिबिराची प्रिंट काढली. 'शिबिर' आलं, 'डॉक्टर बोलावणे' आलं. त्याच्या पोटातलं 'औषधं आणणे' गळालं. डॉक्टर पोचले, मांडव भरला, आणि औषधाची एक गोळी नाही.

"मंग मी काय करू? सगळ्यांच्या जिभा बघून घरी जाऊ?" डॉक्टर तापले.

शेवटी दिवसभर त्यांनी 'पाणी उकळून प्या, हात धुवा' एवढंच सांगितलं. संध्याकाळी एक आजी नानांचा हात धरून म्हणाल्या, "असाच डॉक्टर आणत जावा. लई गुणाचा. एकालाबी सुई टोचली न्हाई!"

*

नेकनूरची रोपवाटिका आधी शेतीत होती. नानांनी ती 'पाणी' या उद्दिष्टाखाली हलवायला सांगितली. मी हलवली. पण हलवल्यावर जुन्या पोटकामांना जुनंच उद्दिष्ट चिकटून राहायचं आणि नव्यांना नवं लागायचं, हे तेव्हा कुणाला माहीत!

'खड्डे खणणे' शेतीवाल्यांच्या प्रिंटमध्ये राहिलं. त्यांनी खड्डे खणले. 'रोपं लावणे' मी नंतर टाकलं, ते पाणीवाल्यांकडे गेलं. त्यांना खड्ड्यांचं कुणी सांगितलंच नाही, त्यांनी माळाच्या दुसऱ्या टोकाला आपले खणले.

गावातला एक म्हातारा शेळ्या घेऊन तिथं आला. "कावून एवढे खड्डे बे?"

"कॉम्प्युटरनं सांगितलंय," खणणारा एकजण म्हणाला.

"त्याला म्हणावं, एखाद्यात तूबी पड."

*

मी नानांना म्हटलं, "नियमच चुकीचा आहे. पोटकामाला स्वतःचं उद्दिष्ट देता आलं पाहिजे."

"पोराला बापाचं आडनाव लागतं का न्हाई? तसंच हाय हे."

"आणि पोरीचं लग्नात बदलतं, त्याचं काय?"

"तू लई बोलतीस!" असं म्हणून नाना बाहेर गेले. थोड्या वेळानं ऑफिसात माझ्यासाठी गरम भजी आली. पाठवली कुणी, ते सांगायची गरज नव्हती. नानांची माघार घ्यायची ही पद्धत.

शकीलभाईनं मात्र त्या आठवड्यात मला प्रोग्राम आतून उघडून दाखवला. "तूच दुरुस्त कर. मी चुकलो तिथं तू चुकणार न्हाईस." माझ्यावर इतका विश्वास तोवर कुणी टाकला नव्हता.

*

दुरुस्ती अर्धी झाली होती, तोच वार्षिक बैठक आली. ज्या उद्दिष्टाखाली एकही काम नाही, ते पुढच्या वर्षी बंद करायचं, असं ठरलेलं. नानांनी मला एकेक उद्दिष्ट चाळायला सांगितलं.

'मुलींचं शिक्षण' चाळलं. स्क्रीन कोरी.

तलवाड्याचं मुलींचं वसतिगृह मंदाताई चालवायच्या. आसपासच्या खेड्यांतल्या मुली तिथं राहून दहावी करायच्या. बैठकीला ताई आल्या होत्या, दाराजवळ बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"नाना, कामं आहेत," मी म्हणाले. "वसतिगृहाचं सगळं 'इमारत दुरुस्ती'च्या पोटात टाकलंय, म्हणून त्याला बांधकाम लागलंय."

"दुरुस्ती झाली. बांधकाम संपलं. म्हंजे पोटातलंबी संपलं."

"पोरी घरी जातील, नाना," ताई म्हणाल्या. "दिवाळीच्या आत लग्नं उरकतील त्यांची."

"ताई, नियम तो नियम. एकासाठी मोडला, तर उद्या सगळेच मागतील."

अण्णा माझ्याकडे वळले. आवाज मऊ होता. "बाळ, काढून टाक. एक बटण तर दाबायचंय."

मी कीबोर्डवरून हात उचलले.

"नाही दाबणार, अण्णा."

"वैशाली!" नाना कडाडले.

मी उठले. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ठेवली. "नाना, तुम्ही बसा इथं. ताई एकेका मुलीचं नाव घेतील. नाव ऐकायचं आणि बटण दाबायचं. प्रत्येकीसाठी वेगळं."

नाना उठले नाहीत. ताईंनी पदर सावरला आणि पहिलं नाव घेतलं.

"रुक्साना."

अण्णांनी नानांकडे पाहिलं. नानांनी रिकाम्या खुर्चीकडे.

"सुरेखा," ताई म्हणाल्या.