यादीतलं पहिलं नाव

प्रयोगशाळेत तिला सगळे बुरशीताई म्हणायचे. नाक मुरडू नका. बावीस वर्षं लोकांच्या गजकर्णाचे खवले काचेच्या बशीत वाढवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? तिला राग यायचा तो फक्त बशी उघडी टाकून चहाला जाणाऱ्यांचा.

त्या दिवशी मात्र तिच्यापुढची बशी घरच्याच माणसाची होती. तिचा दादा एका शाळेत माळी होता. त्याच्या दंडावर गजकर्ण उठलं, पाठोपाठ नऊ मुलांना झालं, आणि शाळेने ठरवूनच टाकलं की हे माळ्यानेच लावलं. चार वाजता बैठक होती. बुरशी माणसाकडून माणसाला लागणारी निघाली तर दादा घरी बसणार. मातीतली निघाली तर त्याचा काय दोष? मुलंही त्याच वाफ्यात लोळतात.

तीन वाजता यंत्राने बुरशीच्या जनुकांची अक्षरं ओळीने काढून दिली. ती तिने प्रयोगशाळेच्या यादीशी ताडून पाहिली; त्या यादीत प्रयोगशाळेने आणि बाहेरच्यांनी ओळखलेल्या बुरश्यांची अक्षरं नावांसकट होती. पहिलंच नाव आलं माणसाकडून पसरणाऱ्या बुरशीचं. अक्षरन् अक्षर जुळत होतं.

"गेलास रे दादा," ती पुटपुटली.

पण तिला चैन पडेना. तिने यादी खाली सरकवली. दुसऱ्यापासून विसाव्यापर्यंत सगळी नावं बाहेरच्या संग्रहांतली, सगळी मातीतल्या बुरशीची, आणि तीही तितकीच जुळणारी! मग पहिली नोंद कुणा शहाण्याने केली? तिने पाहिलं, तर खाली तिचंच नाव.

बारा वर्षांपूर्वीची नोंद होती ती. तेव्हा त्या नमुन्याची बशी दोन महिने पडून राहिली होती. शिळी झाली की ही मातीतली बया पांढऱ्या कापसासारखी फुगते, बीजाणू धरत नाही आणि भलतीच कुणीतरी वाटते. आणि आमच्या बाईसाहेबांनी नुसत्या नजरेने नाव ठोकून दिलं होतं!

ती तडक मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"मॅडम, आपली यादी चुकलीय. चूक माझी आहे."

"नमुना कुणाचा?"

"माझ्या सख्ख्या भावाचा."

मॅडमनी चष्मा काढला. "अगं, कळतंय का तुला? लोक म्हणतील, भावासाठी नाव बदललं."

"म्हणून तर तुम्ही बघा. मी हातसुद्धा लावत नाही."

मॅडम तिच्या खुर्चीत बसल्या. एकेक नोंद त्यांनी स्वतः ताडून पाहिली. बुरशीताई भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत राहिली.

"मातीतलीच आहे," मॅडम शेवटी म्हणाल्या. "सही मी करते."

चारला सात मिनिटं कमी असताना अहवाल शाळेला गेला. साडेचारला दादाचा फोन आला, "राहिलो गं बाई कामावर!" बुरशीताई एप्रनमध्ये तोंड लपवून ढसाढसा रडली.

मॅडम अजून तिथेच उभ्या होत्या. "त्या चुकीच्या नोंदीवरून आजवर किती अहवाल गेले?"

सोळा गेले होते. पहिला होता पाळणाघरातल्या एका आयाबाईचा. शेऱ्यात लिहिलं होतं, मुलांना संसर्ग हिच्याकडून. बुरशीताईने तिचा नंबर लावला.

"मी प्रयोगशाळेतून बोलतेय," एवढंच ती म्हणाली.

पलीकडची बाई घाईघाईने म्हणाली, "अहो, मी तेव्हापासून कुणाच्या लेकराला बोटसुद्धा लावलं नाही हो. आता कुणाला झालं?"