रिफअत शाहीनचे निरोप

रिफअत शाहीन माझ्या दुकानात मागच्या टेबलावर बसून बावीस वर्षं इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करत होता. गिऱ्हाईक मला विचारायचं, "अबू नकूला, तुमचा तो इजिप्तवाला मुका आहे का हो?" नकूला हा माझा थोरला, म्हणून मी अबू नकूला. माझं डोकंच फिरायचं. म्हणे मुका. अरे, ज्याचा आवाज ऐकायला बगदादपासून बेनगाझीपर्यंतच्या बायका चूल सोडून येत होत्या, त्याला तुम्ही मुका म्हणता. पण लिमासोलच्या बाजारात हे सांगायचं कुणाला? मी म्हणायचो, इस्त्री गुरुवारी मिळेल.

मी मूळचा हैफाचा. अठ्ठेचाळीस साली इंग्रज पॅलेस्टाइन सोडून गेले आणि आमचं जे व्हायचं ते झालं. तेव्हा त्यांचं एक अरबी रेडिओ स्टेशन होतं, ते त्यांनी पेट्यांत भरून सायप्रसला हलवलं. पेट्यांबरोबर मीही आलो, कारण यंत्रं जोडता येणारा माणूस त्यांना हवा होता. लिमासोलबाहेर टेकडीवर आम्ही ते पुन्हा उभं केलं. पैसा लंडनचा, जीभ आमची. बातम्या, कुराण, गाणी, नाटकं सगळं आमच्याच लोकांनी केलेलं. मालक कोण हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आम्हीही स्वतःची फसवणूक करून घेतली, उगाच आता साळसूदपणा कशाला?

रिफअत त्रेपन्न साली आला. पोर्ट सैदचा, बापाविना वाढलेला. त्याच्याकडे संध्याकाळी पाचचा कार्यक्रम होता, खुशालीच्या निरोपांचा. आमची माणसं तेव्हा चार देशांत विखुरलेली, कुणाचा कुणाला पत्ता नाही. याफाचा अमका अम्मानजवळच्या छावणीत आहे, बायको-मुलं सुखरूप आहेत, धाकट्या भावाने असेल तिथून कळवावं, असे ते निरोप. दोन वेगळ्या माणसांकडून खात्री पटल्याशिवाय रिफअत एकही निरोप वाचत नसे. मी म्हणायचो, बाबा रे, एवढा काय काथ्याकूट करतोस. तो म्हणायचा, एखाद्या बाईला तिचा मेलेला मुलगा जिवंत आहे असं मी सांगितलं तर? माझी बहीण लेबनॉनमधल्या सैदाच्या छावणीत आहे हे मला त्याच्याच निरोपातून कळलं. त्या दिवशी मी यंत्रासमोर बसून ढसाढसा रडलो.

त्याची आई पोर्ट सैदला समुद्राजवळच्या लाकडी घरांच्या वस्तीत राहायची. तिला सगळे उम्म रिफअत म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मुलाला ऐकण्यासाठी तिने कानातले विकून रेडिओ घेतला होता. पाच वाजता अर्धी वस्ती तिच्या घरात. मधे कुणी बोललं की म्हातारी त्याला उठवून बाहेर काढायची. रिफअत बोलला म्हणजे ते तसंच आहे, यापुढे वाद नाही.

छप्पन्नच्या जूनमध्ये इंग्रजांचा शेवटचा शिपाई सुवेझवरून निघून गेला. जुलैत इजिप्तने कालवा ताब्यात घेतला आणि ऑक्टोबर संपता संपता इंग्रज परत निघाला, या वेळी बॉम्ब घेऊन. यांना जायचंही असतं आणि राहायचंही असतं, आणि मधे चेंगरतो आपण. स्टेशनवर एक नवा कर्नल आला. पुस्तकी अरबीत पक्का, बोलण्यात कच्चा. म्हणाला, आजपासून स्टेशन सरकारने घेतलं आहे, लंडनहून येईल तेच वाचायचं. निवेदकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेक जण खुर्ची मागे सारून उठला.

रिफअतचा पाचचा कार्यक्रम तेवढा उरला होता. आत जाण्यापूर्वी तो मला म्हणाला की लोकांना सांगून जातो, आम्ही यात नाही. आणि इथे मी तोंड उघडलं. मी म्हणालो, "नुसतं तेवढं सांगून भागणार नाही. तुझ्या आवाजाच्या तीन वर्षांच्या ध्वनिफिती इथेच राहणार. मी स्वतः कापतो-जोडतो म्हणून सांगतो, हे लोक तुझ्याच आवाजात तुझ्याकडून काहीही वदवून घेतील."

त्याला ते पटलं. निरोप वाचून झाल्यावर तो म्हणाला, "ऐकणाऱ्यांनो, आजपासून हे स्टेशन आमचं नाही. यापुढे इथून जे ऐकाल ते खरं मानू नका. आवाज माझा असला तरी मानू नका." कर्नल धावत येईपर्यंत सांगून झालं होतं. बाहेर आमच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मलाही फार अभिमान वाटला, माझी सूचना होती ना.

मी मात्र नोकरीवर राहिलो. माझ्याकडे कुठल्याच देशाचे कागद नव्हते, आणि यंत्रवाल्याला बोलावं लागत नाही अशी मी माझी समजूत घातली. तीन दिवस कुठून तरी धरून आणलेली माणसं अडखळत वाचत होती. चौथ्या दिवशी सकाळी वाचायचा कागद माझ्या हातात आला. पोर्ट सैदच्या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांनी घरं सोडून दूर जावं, असं त्यात होतं. म्हणजे उम्म रिफअतचीच वस्ती. तारा बंद, टपाल बंद, फोन बंद. मी कागद खिशात घालून रिफअतच्या खोलीवर गेलो.

त्याने तो दोनदा वाचला. मग कोट घातला.

स्टेशनच्या फाटकासमोर आमचे नोकरी सोडलेले लोक उभे होते. त्याला आत जाताना पाहून एक जण थुंकला. रिफअत थांबला नाही. कर्नलला म्हणाला, हा एक कागद मी वाचतो, दुसरं काही वाचणार नाही. कर्नलला आनंदच झाला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, थकलेले दिसता म्हणाला. रिफअतने चहा घेतला आणि कागद वाचला, सावकाश, एकेक शब्द, निरोप वाचायचा तसाच. शेवटी कागदावर नव्हतं तेही बोलला, "आई, मी रिफअत. मी खरं सांगतोय. वस्तीला घेऊन नीघ." कर्नलने प्रक्षेपण तोडायची खूण मला केली नाही, आणि केली असती तरी मी बटण दाबलं नसतं.

त्यानंतर दोन दिवसांत किनाऱ्यावर इंग्रज उतरले. वरून विमानं, समुद्रातून तोफा. ती लाकडी वस्ती जळून गेली. डिसेंबरात रेडक्रॉसच्या मृतांच्या यादीत उम्म रिफअतचं नाव आलं.

आमच्या लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. बैरूतच्या स्टेशनने घेतलं नाही, कैरोला तर जायची सोयच नव्हती. मीही नंतर ती नोकरी सोडली, दुकान काढलं आणि त्याला आणून बसवलं. तेव्हा तो थोडंफार बोलायचा. म्हणायचा, "बॉम्बने वीज गेली असणार रे. तिने ऐकलंच नसणार. ऐकलं असतं तर माझं बोलणं तिने मोडलं असतं का?" मी म्हणायचो, नाही, कसं मोडेल. या एका गोष्टीवर तो उभा होता.

पुढच्या वसंतात ब्रिटिश कागद असल्यामुळे इजिप्तमधून हाकललेले ग्रीक लिमासोलला यायला लागले. त्यांत कलिओपी नावाची शिंपीण होती, जन्म पोर्ट सैदचा, राहायला उम्म रिफअतच्या शेजारी. मला ती बाजारात भेटली. मला वाटलं, आईच्या चार गोष्टी ऐकून त्याला बरं वाटेल. मीच तिला दुकानात घेऊन आलो. एवढी अक्कल देवाने मला का दिली कोण जाणे.

तिने त्याचे दोन्ही हात धरले. म्हणाली, तुझा आवाज ऐकून मी निघाले बाळा, म्हणून वाचले.

रिफअतने विचारलं, "वीज होती?"

"होती की. आम्ही सगळे तुझ्याच घरात होतो. तुझा पहिला शब्द आला आणि तिने ओळखलं."

"मग?"

कलिओपी माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली. ती सांगू लागली. लोक उठले, गाठोडी बांधायला लागले, तेव्हा म्हातारीने रेडिओ बंद केला आणि दारात आडवी बसली. म्हणाली, माझ्या मुलाने बजावलंय, त्याचा आवाज असला तरी मानायचं नाही. कुणी म्हणालं, अगं पण तुला आई म्हणून हाक मारतोय. तशी ती रडायला लागली. निम्मे लोक तिच्या शब्दावर थांबले. कलिओपी म्हणाली, मी तिला ओढत होते, तर मलाच म्हणाली...

"काय म्हणाली?"

"म्हणाली, किती मारलं असेल गं माझ्या लेकराला, तेव्हा त्याने असं म्हटलं. दोन दिवस जेवली नाही. तुला सोडवा म्हणून दुआ मागत होती."

रिफअतने टेबलावरची उघडी इस्त्री बाजूला सारली. मग माझ्याकडे वळून, त्या दिवशी स्टेशनवर मी नव्हतोच असं समजून, मलाच सांगायला लागला.

"कुणी हात लावला नाही रे मला. चहा दिला होता."