शालूच्या आईचं स्वयंपाकघर

दाभोळला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि माणसांना पडावात बसवून तिच्यापर्यंत न्यायचे. त्या दिवशी आमचा पडाव हलला तेव्हा आपली आई गुडघाभर पाण्यात आली होती, लुगडं भिजतंय याची पर्वा न करता. कुंदा, तू तिच्या मागे वाळूत उभी होतीस. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "विमल, नव्या घरात गेलीस की आधी चूल पेटव. सामान मग सोड. चूल पेटली की घर आपलं होतं." पडाव लांब गेला तरी ती पाण्यातच उभी होती. तिचं शेवटचं दर्शन झालं ते तेच. परत ती मला दिसली नाही.

वैशाखात लग्न झालं होतं. बोटी बंद व्हायच्या आत हे एकटेच भाईंदरला परतले, अजून खोली मिळाली नव्हती म्हणून मी सासरीच राहिले. दिवाळीला आले आणि मला घेऊन निघाले. पाकिस्तानची लढाई नुकतीच थांबली होती. मुंबई म्हणजे दिवेच दिवे असं मी ऐकलं होतं. भाईंदरला उतरले तर समोर मिठागरं. पांढऱ्या मिठाचे ढीग, मध्ये चिखलाची वाट, आणि खाडीचा तोच वास जो मी मागे टाकून आले होते. मला एकदम बरं वाटलं आणि लगेच रडू आलं.

आमची खोली पश्चिमेला एका बैठ्या चाळीत होती. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे हातभर परस. आईने सांगितल्याप्रमाणे मी आधी चुलीपाशी गेले. चूल कुणीतरी छान सारवलेली होती, कडेला बोटांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. खिडकीच्या काचेवर ब्लॅकआउटचा काळा कागद अजून तसाच होता, कणकेच्या खळीने डकवलेला. परसात मांडवावर वालपापडीचा वेल चढला होता आणि शेंगांनी लवला होता. मी यांना विचारलं, "आधी कोण राहायचं इथे?"

हे म्हणाले, "मिठागरावरचे एक कारकून. महाडकडचे. नवरात्रात त्यांची बायको गेली. त्यांना इथे राहवेना, बहिणीकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडेच असतात."

मी चूल पेटवली. पण आई म्हणाली होती तसं काही झालं नाही. ती चूल आधीच कुणाचीतरी होती.

सुरुवातीचे दिवस मी त्या वेलाला हात लावला नाही. मग भाजी महाग म्हणून, शेंगा वाळून वाया जातात म्हणून, एका दुपारी टोपलीभर खुडल्या. दारात बसून त्यांच्या शिरा काढत होते तेव्हा एक पाच-सहा वर्षांची मुलगी मागच्या वाटेने आत आली. तेल न लागलेले केस, फ्रॉकचं एक बटण तुटलेलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि चूल आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली.

"कोण गं तू?" मी विचारलं.

"शालू," ती म्हणाली. "हे आमचं घर आहे."

मी टोपली घेऊन तिच्यामागे आत गेले. मी डाळ शिजत घातली होती, ती सकाळपासून बोटचेपी होत नव्हती. मी डाव फिरवत राहिले. ती पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. आई डाळीला देवळामागच्या विहिरीचं पाणी आणते."

आणते, म्हणाली. ‘आणायची’ असं नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी देवळामागच्या विहिरीवरून कळशी आणली. डाळ लोण्यासारखी शिजली. अशा कितीतरी गोष्टी मला त्या पोरीकडून कळल्या. जळण कुठल्या भिंतीला ठेवलं तर दमट होत नाही, पावसाळ्यात कौल कुठून गळतं, परसात कढीपत्ता का जगत नाही. माती खारट होती. शालूच्या आईने तिथे गोडी माती बाहेरून टोपल्यांनी आणून टाकली होती, तेवढ्याच तुकड्यात वेल जगला होता. माझ्या सासूने किंवा आईने मला शिकवायला हवं होतं ते सगळं मला एका न पाहिलेल्या बाईने शिकवलं, तिच्या मुलीच्या तोंडून.

ती रोज दुपारी यायची. कोपऱ्यात बसायची, कधी झोपायची. ऊन उतरलं की आत्या तिला शोधत यायची आणि दंडाला धरून न्यायची. आत्याचाही राग करावा असं नव्हतं. तिची स्वतःची चार होती. बाप बिचारा आमच्या चाळीच्या बाजूला फिरकतच नसे.

आणि मला एक सवय लागली. स्वयंपाक करताना मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. भीती वाटायची नाही. गर्दीच्या घरात जाऊ ओट्यापाशी आली की आपण जरा सरकतो, तशी मी सरकायचे. कधी मीठ टाकताना हात थांबायचा, पुरे झालं असं कुणी म्हटल्यासारखा. मी हे कुणाला सांगितलं नाही. पण शेजारच्या जमनाबेनला न सांगताच कळलं असावं. मला दिवस गेले तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "विमलबेन, उस छोकरी को अंदर मत लो. उसकी माँ का जीव इधर अटका है. तुम्हारे पेट में बच्चा है."

जवळच्या समुद्रकाठच्या पालीहून मासे घेऊन येणारी रोझीबाय तेव्हा पायरीवर टोपली उतरवत होती. तिने शालूच्या आईला ओळखलं होतं, कित्येक वर्षं तिला बोंबील घातले होते. ती जमनाबेनकडे न बघता मला म्हणाली, "पोर हाय ती. आईच्या घरात नाय बसनार तर कुठं बसनार? भूत-बित काय नाय."

मी दार उघडंच ठेवलं. पण मनात किंतु शिरला तो शिरलाच. शालू कोपऱ्यात झोपली की मी तिच्याकडे पाहत बसायचे आणि नकळत माझा हात पोटावर जायचा.

कुंदा, तुला आठवत असेल, पहिल्या बाळंतपणाला मी घरी येणार होते. आईने म्हणे बाळंतिणीची खोली सारवून ठेवली होती. पण दिवस पावसाळ्यात भरले. बोट बंद, आणि एस.टी.च्या धक्क्यांना डॉक्टर नको म्हणाले. मग माझ्या सासूबाई आल्या. घाटातून, भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन. त्यांना शालूचं कळलं त्याच दिवशी त्यांनी मागच्या दाराला कडी घातली.

"मेलेल्या बाईची पोर बाळंतघरात नको," एवढंच म्हणाल्या. मला बोलायचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं झालं.

शालू दारावर थापा मारत नसे. नुसती उभी राहायची. दाराच्या फटीतून तिची सावली आत पडायची आणि किती वेळ हलायची नाही. मी बाळाला पाजत असायचे आणि ती सावली बघायचे. सासूबाईही बघायच्या.

श्रीराम दोन-अडीच महिन्यांचा असताना तार आली. आई गेली. ताप आला होता, तिसऱ्या दिवशी संपलं. तू होतीस तिथे, तू शेवटचं पाणी दिलंस. मला कळलं तेव्हा तुम्ही सगळे नदीवरून परतसुद्धा आला असाल. निघावं तर बोटी अजून सुरू झाल्या नव्हत्या आणि मांडीवर तान्हं मूल. हे म्हणाले, "जाऊन आता काय दिसणार आहे तुला?" ते खरंच होतं, म्हणूनच ते मला फार लागलं.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. चूल पेटवली नव्हती. सासूबाई बाळाला घेऊन पुढच्या खोलीत होत्या. मागची कडी कुणी काढली ते मला आजवर कळलेलं नाही. मी काढली नव्हती. दार उघडलं आणि शालू आत आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"काकी, तुझी आईपण गेली?"

मी मान हलवली.

तिने माझा हात धरला, मला उठवलं आणि चूल आणि भिंतीमधल्या तिच्या त्या कोपऱ्यात नेलं. "इथे बस," म्हणाली. "इथे बरं वाटतं."

मी बसले. ती माझ्या शेजारी बसली. जागा दोघींना पुरणारी नव्हती, आम्ही अंग चोरून बसलो. त्या भिंतीला ऊब होती. चूल आदल्या रात्रीपासून थंड होती तरी होती. तिथे मी आईसाठी रडले, पहिल्यांदा, मोठ्याने, आणि ती पोर माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, कुणीतरी तिच्या पाठीवरून फिरवला असेल तसा.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पाहिलं, बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि चूल पेटवायला बसल्या. भात केला. केळीच्या पानाचे दोन तुकडे मांडले. एक माझ्यापुढे, एक शालूपुढे. "जेव गं," तिला म्हणाल्या. "केस बघ कसे झालेत. जेवलीस की तेल लावते."

त्यानंतर मागच्या दाराला दिवसा कडी लागली नाही. शालूने श्रीरामला आंघोळ घालायला शिकून घेतलं, पुढे माझ्या मंदाला तर तिनेच चालायला शिकवलं. सासूबाई गावी परत गेल्याच नाहीत. शालू आमच्याकडे शाळेचा अभ्यास करायची, आमच्याकडे जेवायची, झोपायला मात्र आत्याकडे जायची. आम्ही तिला कधी आमची म्हटलं नाही. तशी सोय नव्हती. तिला बाप होता.

शालू दहा-अकराची असताना बापाने दुसरं लग्न केलं. वलसाडकडच्या मिठागरावर त्याला काम मिळालं होतं. तो तिला न्यायला आला तेव्हा पहिल्यांदा आमच्या पायरीवर चढला, पण आत आला नाही. म्हणाला, "वहिनी, तुमचे उपकार आहेत." शालूने नवा फ्रॉक घातला होता. ती रडली नाही. टांगा वळेपर्यंत मागे बघत होती. मी कोपऱ्यावर उभी होते आणि मला कळत नव्हतं की पायाखाली रस्ता आहे की पाणी.

ती गेल्यावर घर फार शांत झालं. पापडीचं बी मी दरवर्षी लावत राहिले. मागे कुणीतरी उभं असल्याचं वाटणं चालूच राहिलं, पण आता ती बाई अस्वस्थ होती असं मला वाटायचं. भांडी उगाच वाजायची. मी कधी कधी मोठ्याने म्हणायचे, "येईल हो ती." मंदा विचारायची, "आई, कुणाशी बोलतेस?"

मग चाळ पाडायची ठरली. तिथे चार मजली बिल्डिंग येणार होती. तोवर हे कंपनीत सुपरवायझर झाले होते, आम्ही स्टेशनकडच्या एका सोसायटीत ब्लॉक घेतला. गॅस आला, नळाला पाणी आलं, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आला. सगळे म्हणाले, विमलवहिनी सुटल्या. मी खरंच सुटले. पण नव्या ओट्यापाशी माझ्या मागे कुणीच उभं नसतं. पाठीला ते जाणवतं. उन्हाळ्यातसुद्धा गार वाटतं. चाळ पाडली त्या दिवशी मी बघायला गेले नाही. ती बाई कुठे गेली असेल, हा प्रश्न मी कुणाला विचारणार होते?

गेल्या महिन्यात दुपारी दाराची बेल वाजली. रोझीबाय होती, आता म्हातारी झालेली, आणि तिच्यामागे एक तरुण सवाष्ण. "ही पाडलेल्या चाळीच्या जागी उभी होती," रोझीबाय म्हणाली. "तुझाच पत्ता इचारत होती. म्हटलं चल, दाखवते."

शालूला ओळखायला मला वेळ लागला नाही. पाचवा महिना असावा, चालण्यावरून कळत होतं. नवरा वापीला कारखान्यात आहे म्हणाली. माणूस चांगला आहे. सावत्र आईबद्दल काही बोलली नाही, आम्ही विचारलं नाही. सासूबाई आता अंथरुणाला खिळल्यासारख्या आहेत, त्यांनी हाक मारून तिला जवळ बसवून घेतलं.

चहा घेता घेता ती म्हणाली, "काकी, एक विचारू? आई कशी दिसायची?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"मला तिचा चेहरा आठवत नाही," ती म्हणाली. "फोटो एकसुद्धा नाही. मी डोळे मिटून आठवायला जाते तर ते स्वयंपाकघर दिसतं, आणि तिथे तू दिसतेस."

मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं जिच्यासाठी सरकून जागा करून दिली ती उंच होती की बुटकी, गोरी की सावळी, मला ठाऊक नव्हतं. तिची जागा मी घेतली होती, चुलीपुढची आणि या पोरीच्या डोळ्यांतलीसुद्धा. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. पण ती वाईट बाई नव्हती. मी तिच्याबरोबर राहिले आहे." शालूला यात काही विचित्र वाटलं नाही. तिने मान डोलावली.

निघताना ती दारात थांबली. चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. मग खाली बघत म्हणाली, "काकी, बाळंतपणाला तुझ्याकडे आले तर चालेल?"

मी उत्तर द्यायच्या आत आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "विचारतेस काय? पहिलं बाळंतपण आईकडेच असतं."

तर कुंदा, तू पत्रात विचारतेस, या मे महिन्यात घरी कधी येतेस. मला यावंसं फार वाटतं. तू घर म्हणतेस तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपलंच अंगण येतं आणि आईच्या हाका ऐकू येतात. पण यंदा जमायचं नाही. शालूला सातवा लागला की तिचा नवरा तिला आणून सोडणार आहे. मी मधली खोली मोकळी करतेय, पडदा शिवलाय, डिंक आणि अळीव आणून ठेवलेत. जिथे परत जायचं असतं ते घर, असं मी गाव सोडल्यापासून धरून चालले होते. आता कुणीतरी यायचं आहे म्हणून मला जिथून हलता येत नाही, ते माझं घर झालं आहे. जमलं तर तूच ये. बाळंतिणीच्या घरात आणखी एक बाई लागतेच.