ठेंगा ज्याच्या हाती

ती घटना आठवली की माझा स्वतःवरचाच राग आजही उफाळून येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मिरची तोडणीचा हंगाम होता. आमच्याकडची धडधाकट माणसं तेव्हा महिना-दोन महिने तेलंगणात मजुरीला जातात.

दुपारी अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. "साहेब, टोलीवरचा सात वर्षांचा पोरगा सकाळपासून दिसून नाई राह्यला. पोरं काही तरी लपवून राह्यले."

डायरीत नोंद केली, वनखात्याला कळवलं आणि दोन अंमलदार घेऊन निघालो. टोली म्हणजे जंगलातला छोटा पाडा, आणि आदल्याच दिवशी तिथं जवळच वाघानं गाय मारली होती. पोरगा अंधार पडायच्या आत सापडायलाच हवा होता.

टोलीत दहा-बारा पोरं आणि अंथरुणाला खिळलेले दोन म्हातारे, बस्स. सगळ्यांसाठी चुलीवर भात शिजवत असलेली तेरा वर्षांची एक मुलगी पुढे आली. तिच्या हातात ठेंगा होता. ठेंगा म्हणजे जंगल राखायच्या पाळीची काठी. ती ज्याच्या दारात उभी, त्यानं दुसऱ्या दिवशी जंगलात फेरी मारायची, अशी गावाची रीत. मोठी माणसं गेली आणि काठी हिच्याकडे राहिली.

"तो मामाच्या गावाले गेला," ती म्हणाली. दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानंही अगदी त्याच शब्दांत. दहा तोंडांतून एकच वाक्य आलं, की ते पढवलेलं असतं. शिवाय प्रत्येक जण बोलण्याआधी तिच्याकडे बघत होता.

इथं माझी अक्कल गहाण पडली. मी ओरडलो, "खरं बोला, नाहीतर लॉकअपमध्ये टाकीन!" पोरं आणखीच मिटली. ऊन उतरत चाललं होतं. वैतागून मी तिच्या हातातला ठेंगा हिसकावला आणि शेजारच्या दहा वर्षांच्या पोराच्या हातात दिला.

तो लगेच ताठ झाला. "साहेब, तो लॉकअपमधी हाय. बोडीजवळच्या मचानावर. त्यानं सकाळी हिले सलाम नाई केला." माझाच शब्द त्या पोराच्या तोंडून परत आला होता.

आम्ही धावत सुटलो, पोरंही मागे. तळ्याकाठी उंच मचान, शिडी काढून टाकलेली. वर पोरगा अंग चोरून बसला होता. देवा, जिवंत होता! शिडी लावून मी हात पुढे केला, तर तो मागे सरकला. "मी नाई उतरत. ठेंगा कोणापाशी हाय?"

"माह्यापाशी," खालून तो दहा वर्षांचा ओरडला. "बस अजून!"

मी कडाडलो. तेवढ्यात ती मुलगी त्याला ढकलून पुढे आली. "उतर रे बाबू, उतर," म्हणत ढसाढसा रडायला लागली. तेव्हा कुठे तो उतरला.

नंतर गणवेश उतरवून, अंगणवाडीच्या बाईंना शेजारी बसवून मी तिच्याशी बोललो. "पोरं बोडीत उतरत होते, साहेब. बुडले असते तं? कोणी आयकेच नाई. ठेंगा घेतला तं सारे आयकाले लागले." मग खाली बघत म्हणाली, "मंग मले ते लय आवडाले लागलं."

इतका खरा कबुलीजबाब मी नोकरीत दुसरा ऐकला नाही. प्रकरण बाल कल्याण समितीकडे पाठवलं. दोन दिवसांनी तिचा बाप आला आणि तिच्यावर हात उगारला, "तुले एवढी अक्कल नव्हती का?"

मी त्याचा हात धरला. तुम्ही अख्खी टोली तिच्या भरवशावर टाकून गेलात, असं मला त्याला सुनवायचं होतं. पण धमकी देऊन पोरांना ऐकायला लावायचा प्रयत्न तर मीही केला होता. मी एवढंच म्हणालो, "ती आधी दहा पोरांचा स्वयंपाक करत होती, भाऊ. तेव्हा तिला कोणी विचारलं का, एवढं तुला झेपतं का म्हणून?"